मापाची चोळी

ठाणे. शके १८०६, आश्विन वद्य १२

आजपासून लिहायचे ठरवले. सासरी निघताना भाऊंनी सांगितले होते, "वारू, अक्षर मोडू देऊ नकोस. रोज चार ओळी लिहीत जा." भाऊ म्हणजे माझे वडील. कल्याणला शाळेत मास्तर आहेत. मी इथे येऊन वर्ष होत आले. त्या चार ओळी आज लिहिते आहे.

घरात चार माणसे. इकडची स्वारी, कचेरीत कारकून. वन्सं, इकडच्या थोरल्या बहीण, विधवा. सुमी, पाच वर्षांची, पहिल्या बाईंची मुलगी. आणि मी. वारू हे नाव माहेरी राहिले. लग्नात तांदळावर मंदाकिनी लिहिले होते, पण घरात ते कोणी उच्चारत नाही. वन्सं मला ‘अगो’ म्हणून हाक मारतात. सुमीला तेच माझे नाव वाटते. तीही ‘अगो’ म्हणते.

पाचवे माणूस माझ्या गळ्यात आहे. सोन्याचा लहान टाक, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक घालायचा असतो. नवे वस्त्र आले की आधी टाकाला लावायचे, कुंकू वाहायचे, मग अंगावर घ्यायचे. मी त्यांना ताई म्हणते. दिवसभर मी जे बोलते त्यातले बरेचसे त्यांच्याशीच.

मला इथे कोणी वाईट वागवत नाही, हे आधी लिहायला हवे होते. फक्त स्वारी माझ्याकडे पाहत नाही. वाढायला गेले की नजर पानावर असते. पाणी दिले की भांड्यावर. दिवाळीला असे काही नेसायचे आहे की नजर वर व्हावी.

कार्तिक शुद्ध १

आईने कल्याणहून लुगडे पाठवले होते. जांभळे, पिवळ्या काठांचे. मला फार आवडले. ताईंना दाखवले आणि नेसले.

पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे. ओवाळताना तरी माणसाला समोर पाहावे लागते. स्वारीने निरांजनाकडे पाहिले.

वन्सं म्हणाल्या, "अगो, काय हे! वांगं उभं राहिल्यासारखं दिसतंय." सुमी हसत सुटली. मीही हसले. लुगडे घडी घालून पेटीत ठेवले.

कार्तिक शुद्ध ३

इकडून लुगडे आणणे झाले. डाळिंबी, बारीक काळ्या काठांचे. आजवर काही आणले नव्हते. जांभळे इतके वाईट दिसत होते, त्याचा हा उपयोग झाला.

नेसून स्वयंपाकघरात गेले. वन्संचा हात भाकरीवर थांबला.

"कुणी आणलं?"

"इकडून."

"बरं," म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

सुमी अंगणातून धावत आली आणि मागून माझ्या पायांना मिठी घातली. निऱ्यांत तोंड खुपसले. मी वाकून पाहिले. तिने वर पाहिले आणि मिठी सोडून दिली. खेळत असेल. पण तिने मला आपणहून शिवायची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी स्वारी दारात उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिले. मी ताटे मांडत होते. मला कुठे पाहावे कळेना. मग म्हणणे झाले, "काष्टा थोडा वर घ्यावा." मी वर घेतला. "हां," म्हटले आणि आत गेले.

पुरुषांना यातले कळत नाही असे आई म्हणते. इकडे कळते.

मार्गशीर्ष शुद्ध २

शेजारच्या सगुणाबाई पोलके घालतात. त्यांचे यजमान मामलेदार कचेरीत आहेत. त्यांच्याकडे सगळ्या बाया शिवलेले घालतात. लांब बाह्या, गळ्याशी लेस, पुढे गुंड्या. मी भिंतीपलीकडून विचारले, मला कसे दिसेल?

"घातल्याशिवाय कसं कळणार? माझं पहिलं पोलकं बँडवाल्याच्या कोटासारखं झालं होतं. घरात सगळे मला सलाम करायचे. मग दुसरं शिवलं, मग तिसरं. चुकतमाकतच येतं हो ते."

वन्संना पसंत नव्हते. "गुंड्या? आणि गाठ कुठे मारणार? सवाष्णीच्या चोळीला गाठ हवी."

इकडून ओसरीवरूनच म्हणणे झाले, "शिवू दे." मापाची चोळीही इकडूनच काढून धोंडीबा शिंप्याला दिली. मला पेटी उघडावीसुद्धा लागली नाही.

मार्गशीर्ष वद्य ६

पोलके आले. बसत नाही. खांद्यांवरून उतरते आणि दंडांत रुतते. माझे दंड लहानपणापासून रहाटाने पाणी ओढून भरले आहेत. धोंडीबाला बोलावले. मी दाराआड उभी राहिले.

"कापड बिघडवलंस की रे," वन्सं म्हणाल्या.

"मी कशाला बिघडवीन, माय? यजमानांनी दिलं त्या मापानं कापलं. ही बघा."

त्याने मापाची चोळी ओट्यावर पसरली आणि पोलके तिच्यावर ठेवले. खांद्याला खांदा, बाहीला बाही. त्याची काही चूक नव्हती. चोळी माझी नव्हती.

वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिचं माप आहे ते."

मी म्हटले, धोंडीबा, खांद्यात घे आणि दंडात सोड. तेवढ्यात आतून म्हणणे झाले, "राहू दे. अंगाने भरेल."

घाईत हाताला आली ती चोळी दिली असेल. पुरुषांना चोळ्यांतला फरक काय कळणार? मागे लिहिले ते खोडायला हवे, पण शाई वाळली आहे.

पौष शुद्ध १०

खांदे उंच धरले की पोलके बसते. श्वास सोडला की उतरते. चारचौघांत मी बेताने श्वास घेते. रोज दुधात तूप घालून पिते. खांदे भरत नाहीत. दंड आणखी भरले.

माघ शुद्ध ५

आज जे झाले ते लिहू नये असे वाटते. म्हणून लिहिते.

मुलींच्या शाळेत बक्षीससमारंभ होता. मडमसाहेब येणार होत्या. कचेरीतल्या सुधारक मंडळींनी आपापल्या बायकांना आणायचे ठरले होते. इकडून माळ्यावरचे एक गाठोडे सोडणे झाले. आत विलायती बूट. ताईंसाठी आणलेले. चामडे वाळून लाकूड झाले होते. मी खोबरेल लावून मऊ केले. मोजे सगुणाबाईंनी दिले.

डाळिंबी लुगडे, पोलके, मोजे, बूट. जोडवी काढायची नसतात, म्हणून मोजे जोडव्यांवरूनच चढवले. तलावाच्या काठाने चालत गेलो. दर पावलाला जोडवे बोटात शिरत होते. मी खांदे वर धरून, श्वास बेताने घेत चालत होते. सगुणाबाई म्हणाल्या, "तुम्ही लग्नाला चालला आहात की फाशीला?"

शाळेच्या दाराशी पोचलो. आत सरस्वतीची तसबीर, हार, समया. मी उंबऱ्याशी थांबले, खाली बसले, बंद सोडले, बूट काढून भिंतीशी नीट ठेवले आणि आत गेले.

सगळ्या बाया बूट घालून बसल्या होत्या. मी सतरंजीवरून मोज्यांनी चालत गेले. दोन्ही मोज्यांतून जोडवी बाहेर आली होती. एका बोटाला रक्त होते. कुणीतरी खुदकन हसले, मग बऱ्याच जणी. मडमसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते.

स्वारी पुरुषांत उभी होती. मान खाली होती.

येताना स्वारी बरीच पुढे चालत होती. घरी आल्यावर पाय धुताना म्हणणे झाले, "ती कधी दाराशी काढत नसे. तशीच आत जायची."

ताईंविषयी इकडून पहिल्यांदाच बोलणे झाले. मला म्हणून सांगितले. म्हणजे राग नसावा.

माघ शुद्ध ६

बोट सुजले आहे. वन्संनी न विचारता हळद लावली. म्हणाल्या, "तिलासुद्धा चावायचे ते बूट. घरी येऊन रडायची. त्याला कधी सांगितलं नाही तिने."

चैत्र शुद्ध ९

हळदीकुंकवाला सगुणाबाईंकडे गेले होते. त्यांनी नवे पातळ दाखवले, मोरपंखी. मी म्हटले, सुरेख आहे. त्या म्हणाल्या, "एक विचारू का, मंदाकिनीबाई? तुम्हांला स्वतःला कोणता रंग आवडतो?"

"इकडून आणणे होते तो."

"ते तर झालंच हो. तो त्यांना आवडतो. तुम्हांला?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन आठवून पाहिले. जांभळा आवडत होता, दिवाळीपर्यंत.

वैशाख वद्य ३

तलावाजवळ एका पारशाने तंबू ठोकला आहे. तो माणसांच्या तसबिरी काढतो. हाताने नाही, यंत्राने. इकडून माझी काढायचे ठरले आहे. माझी! सगळ्या आळीत अजून एकाही बाईची निघालेली नाही.

वन्सं म्हणाल्या, "तसबीर काढली की आयुष्य कमी होतं."

इकडून उत्तर झाले, "उलट आहे ते."

भाऊंना निरोप धाडणार आहे. आईला किती आनंद होईल. नको. आधी निघू दे. मग एक प्रत मागून घेईन आणि अचानक पाठवीन.

वैशाख वद्य ५

आज तसबीर काढली.

सकाळी कपडे इकडूनच काढून ठेवले होते. डाळिंबी लुगडे, पोलके. नथ ताईंच्या डब्यातली. मी म्हटले, त्या यंत्रात रंग येत नाही म्हणतात, काळे-पांढरेच येते, मग जांभळे नेसू का? म्हणणे झाले, "मला रंग दिसेल."

खोपा मानेवर खाली घालायला सांगितले. मी वर घालते. कुंकू आडवे लावायला सांगितले. आमच्याकडे गोल लावतात. मी सगळे केले. आरसा पाहिला तर मी दुसऱ्या कोणाला तरी भेटायला आल्यासारखी दिसत होते. पण नटल्यावर असे होतच असेल.

तंबूत पडद्यावर बाग रंगवली होती. पुढे खुर्ची. पारशाने मागून मानेला लोखंडी चिमटा लावला, मान हलू नये म्हणून. मग तो काळ्या कापडात शिरला.

"बाई, हसू नका, हलू नका."

"थांबा," इकडून म्हणणे झाले. पुढे येऊन एका बोटाने माझी हनुवटी डावीकडे वळवली. थोडी खाली केली. दिवसाउजेडी, परक्यासमोर. मग मागे सरून पाहिले. पुन्हा येऊन खांद्यावरचा पदर सारखा केला. पुन्हा मागे जाऊन पाहिले. असे मला कुणी कधी पाहिले नव्हते. मी श्वास धरून बसले. पोलके कुठेच उतरले नाही.

डोळ्यांत पाणी होते. माझ्या नव्हे, इकडच्या. तंबूतही ऊन फार होते.

आषाढ शुद्ध २

तसबीर आली. मुंबईहून रंग भरून आली आहे. चौकट शिसवीची. लुगडे अगदी डाळिंबी.

मी आहे की नाही, हे पहिल्यांदा कळेना. डावी भुवई माझीच, तीत बारीक खोक आहे. बाकी बाई शांत बसली आहे. हनुवटीवर एक हिरवा ठिपका आहे, गोंदल्यासारखा. मला गोंदलेले नाही. रंग भरताना शाई उडाली असावी. मी दाखवले, तर म्हणणे झाले, "असू दे."

नंतर ओसरीवर इकडून सुमीला मांडीवर घेणे झाले. मी आत डाळ निवडत होते. शब्द स्वच्छ ऐकू आले.

"ही कोण?"

इकडूनच उत्तर झाले,

"ही तुझी आई."

माझ्या हातातले सूप कलंडले. दीड वर्ष ती मला अगो म्हणते आणि कुणी तिला सांगत नव्हते. आज सांगितले. इकडून सांगितले. डाळ पुन्हा निवडावी लागली. मला चालले.

आषाढ वद्य ८

वन्सं रोज तसबिरीपुढे उभ्या राहतात. आज पदराने काच पुसून म्हणाल्या, "हुबेहूब." त्यांनी माझी कसलीच स्तुती कधी केलेली नाही. मी जवळच उभी होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही.

श्रावण शुद्ध ११

सुमी दिवा लागला की तसबिरीपुढे हात जोडते आणि म्हणते, "आई, शुभं करोति म्हणू का?" मग म्हणते. मग आत येऊन मला म्हणते, "अगो, भूक."

मी वाट बघते. तोंडावर म्हणायला लाजत असेल. तिथे सराव करते आहे.

भाऊंसाठी प्रत मागितली. म्हणणे झाले, "प्रत कशाला? ही एकच पुरे."

भाद्रपद वद्य ८

उद्या अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बायकांचे श्राद्ध उद्या असते. ताईंचे आहे. ब्राह्मण येणार, सवाष्ण म्हणून पलीकडच्या आळीतली एक सून येणार. मला स्वयंपाक सोवळ्यात करायचा आहे.

इकडून तगरीचा हार करायला सांगणे झाले. मी विचारले, केवढा? हात चौकटीएवढे करून दाखवले.

हार चांगला झाला आहे. ओल्या फडक्यात ठेवला.

भाद्रपद वद्य ९

पहाटे न्हाऊन सोवळ्याचे जुने लुगडे नेसले. केस ओले, सैल गाठ. नथ नाही, पोलके नाही. चुलीशी बसले ती उठले नाही. हार वन्संनी बाहेर नेला.

वडे तळत होते तेव्हा ओसरीवर कुणी आल्याची चाहूल लागली. वन्संचा आवाज, "अहो, मास्तर! तुम्ही कुठे इकडे? बसा."

सुमी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अगो, एक आजोबा माझ्या आईपुढे रडतायत."

मी उठून गेले.

भाऊ जमिनीवर बसले होते. पगडी मांडीत होती. शाळेच्या कामाने कचेरीत आले होते, म्हणून वाट वाकडी करून मला भेटायला आलेले. त्यांच्यासमोर पाटावर माझी तसबीर. तिला मी ओवलेला हार. पुढे उदबत्ती.

मला हार दिसला तेव्हा सगळे कळले. ते मला आज कळले असे म्हणता येत नाही. कळायचे तेवढे रोज समोर होते.

भाऊंनी वर पाहिले. माझ्याकडे पाहत राहिले. मग विचारल्यासारखे म्हणाले, "वारू?"

"हो, भाऊ."

"मग हे काय?"

त्यांनी हात पुढे केला. मी मागे सरले.

"भाऊ, सोवळ्यात आहे मी."

त्यांनी हात मागे घेतला.

वन्सं म्हणाल्या, "अहो, तसं काही नाही. ती थोरलीची तसबीर आहे."

"थोरलीची?" भाऊ उठले. "बाई, ही माझी मुलगी आहे. ही भुवई बघा. चालायला लागली तेव्हा उंबऱ्यावर पडली होती. मी तिला उचलून वैद्याकडे नेलं. माझं धोतर रक्ताने भरलं होतं. आणि तुम्ही मला सांगता ही कोण?"

आतून स्वारी आली. ओले धोतर, बोटात दर्भाचे पवित्रक. भाऊंकडे पाहिले, तसबिरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"जावईबापू, जिवंत आहे ना ती?" भाऊ म्हणाले. "मग तो हार काढा."

वन्सं हळूच म्हणाल्या, "श्राद्धाचा हार मध्येच कसा उतरवायचा? ब्राह्मण बसलेत."

सुमी चौकटीपुढे उभी राहिली, हात पसरून. "माझ्या आईचा हार काढायचा नाही!"

तेव्हा मीच म्हटले, "राहू दे, भाऊ." मी आणखी काही म्हणणार होते. तेल जळत होते. आत गेले.

ब्राह्मण उठल्यावर भाऊ जेवायला बसले. नको म्हणतील असे वाटले होते. वाढायला मी गेले. भाऊंनी पानाकडे एकदाही पाहिले नाही. हात पानावर चाचपडत होता आणि डोळे माझ्याकडे. मी भात वाढला, वरण वाढले, तूप वाढले. ते माझ्याकडे पाहत होते. ओले केस, जुने लुगडे, घामाने चेहरा भरलेला. मला पदर सारखा करावासा वाटला नाही.

भाद्रपद वद्य १०

भाऊ सकाळच्या गाडीने गेले. जाताना मला कल्याणला नेऊ का, असे इकडे विचारले. इकडून उत्तर झाले, "ती म्हणेल तसे." मी सुमीच्या दुखण्याचे कारण सांगितले. सुमीला काही झालेले नाही. सगळे घर तसेच टाकून जाववेना.

दुपारी कचेरीतून लवकर येणे झाले. मला म्हणाले, "बैस."

आजवर इकडून मला एकेरी बोलणे झाले नव्हते. बैस म्हटले नव्हते, ऊठ म्हटले नव्हते. यापुढे ‘इकडून’ लिहायला हात वळत नाही. ते म्हणाले, असेच लिहिते.

ते म्हणाले, "तिची तसबीर नव्हती. गेली तेव्हा मला वाटले, चेहरा कुठे जातो? दोन वर्षांत जायला लागला. आधी डोळे गेले. मग हसू. शेवटी रंग उरला लुगड्याचा आणि हनुवटीवरचे गोंदण. सुमीला तेवढेही नाही."

मी ऐकत होते.

"वाटले, लुगडे तेच, पोलके तेच, बसणे तेच. मधली जागा मी मनाने भरून काढीन." ते भिंतीकडे पाहत होते. तसबीर पुन्हा खुंटीवर गेली आहे. "भरली नाही. आता डोळे मिटले तर तुझा चेहरा येतो. तिचा येत नाही. होता तोही गेला."

ते रडले नाहीत. रडले असते तर मला काही करता आले असते. पाणी दिले असते.

वर्षभर मला हेच हवे होते. त्यांनी डोळे मिटावेत आणि मी दिसावे. ते झाले. मला आनंद झाला नाही असे लिहिणार होते. थोडा झाला. कुणाच्या तरी घरातून न विचारता काही उचलून आणावे, तसा.

मी म्हटले, "तसबीर सुमीसाठी राहू दे."

"तुझी दुसरी काढू."

"नको."

आश्विन शुद्ध ४

काळुराम कापडवाला गाठोडे घेऊन आला. दसरा जवळ आला आहे. ते ओसरीवर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "कोणते घ्यायचे?"

मला विचारत होते. वन्संनीही माझ्याकडे पाहिले.

काळुरामने एकेक लुगडे उलगडले. "हे बघा बाई, अंजिरी. ही चंद्रकळा. हे डाळिंबी, तुमच्या घरी नेहमी जातं हे."

त्याने डाळिंबी आपणच बाजूला ठेवले.

मी बघत होते. हात कुठे जाईना. लाल पाहिले की वन्सं काय म्हणतील ते ऐकू येई. हिरवे पाहिले की आईला आवडेल असे वाटे. मोरपंखी सगुणाबाईंचे. एवढ्या रंगांत माझे म्हणून काही निघेना. मला रडू येऊ लागले. लुगड्यांपुढे बसून रडणारी बाई काळुरामने कधी पाहिली नसेल. तो उगीच गाठी सोडू-बांधू लागला.

तळाशी एक होते. राखी, त्यात निळसर झाक, काठ विटकरी. मी ते ओढले.

"ते राहिलेलं आहे बाई," काळुराम म्हणाला. "दोन हंगाम फिरवतोय. कुणी घेत नाही."

वन्सं म्हणाल्या, "अगो, हा काय रंग? चुलीतून काढल्यासारखा."

"मला हेच हवे."

का, ते मला सांगता आले नसते. त्यांनी विचारले नाही. काळुरामला, "द्या," म्हणाले आणि चष्मा लावला.

संध्याकाळी नेसले. साधी चोळी, जुनी, पुढे गाठ. खोपा वर. कुंकू गोल. सुमीने पाहिले आणि म्हणाली, "अगो, तू उंदीर दिसतेस." मग भूक लागली म्हणून पदर ओढला.

ते बाहेरून आले, दारात थांबले. पाहिले. बराच वेळ पाहिले. काष्ट्याविषयी काही म्हणाले नाहीत. त्यांना आवडले नाही, हे मला दिसले. ते कुणाला तरी शोधत होते आणि ती आता कुठेच नव्हती, हेही दिसले. मी पाट मांडला.

आरशात पाहिले. रंग मला शोभत नाही. चेहरा आणखी काळवंडतो. उद्या पुन्हा तेच नेसणार आहे.